मागच्या सीटवरील कारभारणीच्या नावे

मी, खाली सही करणार, धंदा मोटार चालवायला शिकवणे (हल्ली बंद), राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र आपखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे शेजारी बसलेले डॉक्टर सही करून सांगतील. हृदयाबद्दल त्यांचे मत वेगळे आहे. पत्नी शेजारणीकडे गेली आहे. ती परतण्याआधी हे उरकायला हवे, नाहीतर मजकूर तीच सांगेल आणि मी नुसती सही करीन.

कलम १. हे घर, अंगण व गाडीची शेड माझ्या पश्चात पत्नीच्या एकटीच्या मालकीची राहील. बँकेतील ठेवही तिचीच. तिच्या हयातीत घर कोणी विकू नये, विकण्याचा विषयही काढू नये. हे मुलासाठी लिहिले आहे. मुलगा गुणी आहे, पण काळजीने माणूस अडाण्यासारखा वागतो. "बाबा, तुमच्यानंतर आईला मी या टोकाच्या घरात ठेवणार नाही. इथवर बससुद्धा येत नाही. ती दवाखान्यात जाणार कशी?" असे तो म्हणतो. आणि ती मान डोलावते, म्हणते, "खरंय. हे आहेत तोवर ठीक. मग गाडी विकून टाका, मी येते तुझ्याकडे." तिला हे घर सोडायचे नाही. मुलाकडे चार दिवस राहायला गेली तरी पाचव्या दिवशी तिची पिशवी भरून दाराशी असते. मला दुसरी कसलीही चिंता नाही, एवढी एकच आहे.

कलम २. ड्रायव्हिंग स्कूलचा फळा मुलाला द्यावा. नव्या पिढीसाठी खुलासा: पत्नी शाळेत इंग्रजी शिकवत असे. वाहतुकीच्या खुणा मी फळ्यावर काढायचो आणि शाळेत जाता जाता ती खाली रोज एक इंग्रजी वाक्प्रचार लिहायची, गाडी आणि रस्ता यांचाच. माझे शिकाऊ परवान्याबरोबर इंग्रजीही फुकट घेऊन जात. मी आडून ऐकून ऐकून बरेच शिकलो. एकदा परीक्षेत साहेबांनी 'पुढे रस्ता बंद' ही खूण दाखवून एका शिंप्याला अर्थ विचारला. त्याने ऐटीत सांगितले, "जिथे बढती नाही अशी नोकरी." फळ्यावर 'डेड एंड' खाली हिने तेच लिहिले होते. शिंपी नापास झाला. साहेबांनी मात्र त्याच दिवशी बदलीचा अर्ज टाकला म्हणे.

इंग्रजीत ज्याच्या हाती कारभार तो 'ड्रायव्हरच्या सीटवर' असतो, हेही मला तिनेच सांगितले. आमच्या घरात कारभार जन्मभर मागच्या सीटवर होता. "अहो, डावीकडून ट्रक येतोय. अहो, जरा हळू." मागे बसून अशी गाडी चालवणाऱ्यालाही इंग्रजीत 'बॅकसीट ड्रायव्हर' हा शब्द आहे, पण तो तिने फळ्यावर कधीच लिहिला नाही.

कलम ३. मेहुण्याकडे माझा जॅक आहे. तो त्यालाच दिला असे समजावे, कारण परत मिळण्याची आशा मी सोडली आहे. रस्ता आपल्या बापाचा समजून मधोमध गाडी हाकणाऱ्याला इंग्रजीत 'रोड हॉग' म्हणतात. हॉग म्हणजे डुक्कर. पत्नीने हा शब्द स्वतःच्या सख्ख्या भावासाठी वापरला, तेव्हा ती माझ्याशी लग्न करून पूर्णपणे आमची झाली असे मला वाटले. बहिणीने स्टिअरिंग धरलेले पाहून हा गृहस्थ हसला होता. त्यास माझ्या गाडीत बसू देऊ नये.

कलम ४. सर्व पाने व हत्यारे आमचे मिस्त्री 'बारा-तेरा' यांना द्यावीत. बारा-तेरा नंबरचा पाना सदैव त्यांच्या खिशात असतो, म्हणून हे नाव पडले.

कलम ५. गाडी पत्नीची. विकू नये.

डॉक्टरांनी माझे चालवणे बंद केले तेव्हा, साठी उलटल्यावर, ती शिकली. पहिल्या फेरीला परवाना मिळाला. तरी मी शेजारी बसल्याशिवाय ती किल्ली लावत नाही. आता हे तुलाच लिहितो, कायद्याची भाषा पुरे झाली.

शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही ब्रेक असतो. त्याच्या भरवशावर आपण चालवतो, असे तू सगळ्यांना सांगतेस. तुझा परवाना आला त्याच आठवड्यात तो ब्रेक मी मिस्त्रींकडून आतून काढून घेतला. पेडल तेवढे दिसायला ठेवले. त्यानंतर तू घाट उतरलीस, बाजारातून गाडी काढलीस, मला दवाखान्यात नेलेस. गोल चौकात तो सायकलवाला आडवा आला, गाडी जागच्या जागी थांबली, आणि तू घाम पुसत म्हणालीस, "बरं झालं बाई, तुम्ही वेळेवर दाबलात." मी नुसते "हं" म्हटले. माझा पाय मोकळ्या पेडलवर होता आणि ते खाली जाऊन वर आले होते. गाडी तू थांबवलीस. त्या दिवशी मी निर्धास्त झालो. तू इथेच राहा.

सही: लिहून ठेवणार
ठिकाण: राहते घर. दिनांक: आजचा, मंगळवार.

साक्षीदार १, डॉक्टर: डोके ठिकाणावर आहे.
साक्षीदार २, मिस्त्री: वहिनी, ब्रेक मीच काढला होता. तेव्हापासून गाडी तुम्हीच चालवताय.