शेंदऱ्यावरची अक्षरं

१२ जून ६१
कॉलेज उघडलं. ग्रंथालयात वाळवी. निम्मा दिवस कपाटं झाडण्यात गेला. टपाल पाहिलं, युनिव्हर्सिटीतल्या सरांचं पत्र आजही नाही. गेल्या दिवाळीत मामाच्या गावी वेशीतल्या शेंदऱ्या देवाचा शेंदूर खरवडला, आतनं जुन्या कानडीतला लेख निघाला. सरांनी ओला कागद थापून ठसे घेतले, युनिव्हर्सिटीत नेले. तेव्हापासून नुसती वाट. गावात कानडी बोलणारे ढीग, पण ती अक्षरं कुणाला लागत नाहीत.
पाटलांनी तेव्हा किती आडवंतिडवं घेतलं होतं. "देवाची कातडी सोलता व्हय रं?" शेवटी मामा मधे पडला. "काय लिव्हलंय ते समद्या गावाला वाचून दावू. माजा भाचा उस्मानाबादला लायब्ररीत हाय. त्येची जबान ती माजी जबान." माझ्या जिवावर बोलला बिचारा.

५ जुलै
आमच्या दगडावरचा सरांचा लेख छापून आला! युनिव्हर्सिटीतून आलेल्या परीक्षकांनी सांगितलं. इंग्रजीत, परदेशातल्या नियतकालिकात. सगळ्या स्टाफला पेढे वाटले. लगेच सरांना लिहिलं, एक प्रत कॉलेजला, एक गावाला. नसेल तर मराठीत नुसता अर्थ कळवा.

२८ जुलै
सरांचं उत्तर. कोरडं ठाक. प्रती मिळत नाहीत. लेखाचे सगळे हक्क प्रकाशकाला लिहून दिलेत, मराठीत आणायचं तर त्यांची परवानगी लागते, "माझे हात बांधलेले आहेत." कॉलेजनंच वर्गणीदार व्हावं. प्राचार्यांकडं गेलो. ते म्हणाले, "तेवढ्यात सायन्सचं अख्खं कपाट भरतंय, काय बोलता!" त्यांचं तरी काय चुकलं.
पण चार वाक्यांचा अर्थ सांगायला कसली आलीय परवानगी? छापण्याआधी म्हणायचे, बाहेर बोलू नका, दुसरा कुणी उचलेल. आता हे. सरळ तोंडाला पानं पुसली.

१७ सप्टें.
मामा बाजाराला आला होता. चहा घेतला, पीकपाण्याचं बोलला. जाताना हळूच, "आलं का रं कायी?" म्हटलं, येतंय. "गाव लई बोलतंय. देव उघडा पाडला म्हनत्यात. पाटील तर माज्या दारावरनं जाताना थुकतोय." काय सांगू?

१४ नोव्हें.
युनिव्हर्सिटीत जाऊन आलो. तिथल्या ग्रंथालयात तो अंक आहे. म्हणजे नोंदीत आहे. खरा अंक सरांच्या घरी, पावसाळ्यापासून. ग्रंथपालांना म्हटलं, परत मागवा. ते हसले. "विभागप्रमुखांकडून? तुम्ही मागवता का हो तुमच्या प्राचार्यांकडून?" नाही मागवत. खोटं कशाला बोला.
मग सरांच्या घरी. बाईंनी चहा दिला. सर म्हणाले, अंक आत्ता सापडणार नाही, ग्रंथ लिहितोय, त्यात येईलच सगळं, एवढी घाई कशाची? म्हटलं, गावाला शब्द दिलाय. "गावाला काय कळणार त्यातलं?"
आठवडाभर मामीच्या हातची धपाटी खाल्ली या माणसानं. मागून मागून खाल्ली. केसानं गळा कापला. येताना गाडीत डोळ्याला पाणी आलं, संतापाचं.

७ मार्च ६२
शिवरात्रीची जत्रा. जायची हिंमत नव्हती, पण मामाचे निरोपावर निरोप. लोहाऱ्याहून बैलगाडीनं गेलो. पाहतो तर गाव खूष! पाटील फेटा बांधून पुढं, महादेवापुढचा पहिला दिवा त्यांच्या हातानं. दगडात तसंच लिहिलंय म्हणे, पाटलांच्या पूर्वजांनी दिव्याला जमीन दिली. कुणी सांगितलं? मामानं. भाच्याचा कागद आला असं सांगून.
शेताकडं गाठलं त्याला. "मामा, हे काय केलंस?"
"मंग काय करू? म्हातारपनी गावाबाहीर निगू? का तुला खोटा पाडू?"
आयुष्यात दुसऱ्याच्या शेतातलं चिपाड उचललं नाही या माणसानं. त्याच्यावर खोटं बोलायची पाळी. कुणी आणली? सरांनी. मोठे सर!

१९ एप्रिल
युनिव्हर्सिटीत जाऊन अंक वाचला. सर सुटीवर गेले, जाताना अंक जमा करून. वाचनकक्षातच बसायचं, उतरून घ्यायला मनाई, पेन दारात काढून घेतलं. डिक्शनरी शेजारी ठेवून एकेक ओळ लावली.
पाटील नाहीत. जमीन नाही. गावच्या तेल्यांनी महादेवाच्या नंदादीपाला कायम तेल द्यायचं कबूल केलंय, चंद्रसूर्य असेतो. दिवा तेल्यांचा! म्हणजे आमच्या गंगाराम तेल्याच्या घराचा. तो जत्रेत तेलाची बुधली पायरीखाली ठेवून मुकाट मागं सरतो. दिव्याला हात लावू देत नाहीत त्याला.
शेवटी आभार, "स्थानिक ग्रामस्थ". मामाचं नाव नाही. माझं नाही, जाऊ द्या. पण मामाचं? त्याखाली हक्कांचा इशारा, परवानगीशिवाय कोणत्याही भाषेत काही घेऊ नये. सगळं पाठ करून उठलो. बघू कोण अडवतं.

२ मे
भर उन्हात मामा आला. पाणी प्यायला आणि स्वतःच म्हणाला, "पाटलाचं न्हाय ना त्यात?" म्हटलं, नाही. काय आहे ते सांगितलं. मग म्हणाला, गंगारामही आलाय, धर्मशाळेत उतरलाय. त्याचा बाप मरेपर्यंत म्हणायचा, दिवा आपला आहे. आता भाच्याच्या तोंडून एकदा ऐकायचं म्हणतोय. उद्या सकाळी येईल.
सांगितलं तर पाटील मामाला गावात ठेवणार नाहीत. नाही सांगितलं तर माझ्यात आणि सरांत फरक काय?
मामाला म्हटलं, तूच सांग, काय करू? चप्पल घालता घालता बोलला, "खरं हाय ते सांग. पर माज्यासमोर सांगू नगस."