मागच्या खोलीतले कॉम्प्युटर एकदाचे गेले

तीर्थरूप वन्संना वाकून नमस्कार. (गुडघा वाकू देतो तेवढंच वाकलेय, बाकीचं मनानं समजा.) तुमची पाठ कशी आहे? भावजींचा खोकला गेला का, की अजून औषधाची बाटली दिसली की पळतात? आमचं बरं चाललंय. आता ते राहू द्या, मला दम नाही. वन्सं, लॉन्ड्रीची मागची खोली रिकामी झाली! सगळे जुने कॉम्प्युटर गेले, आणि नुसते गेले नाहीत, आतल्या माहितीचा माझ्या डोळ्यांदेखत चुरा झाला. गाडीतून उतरल्या उतरल्या लिहायला बसलेय, म्हणून अक्षर असं आलंय. (एरवीही असंच येतं, पण आज कारण आहे.)

तुमचे बंधू तुम्हाला ठाऊकच. कॉम्प्युटर बिघडला की नवा आणायचा आणि जुना, असू दे, उपयोगी पडेल, म्हणून मागे नेऊन ठेवायचा. जाडजूड मॉनिटर, वायरींचे गुंते, पोट फुगलेली बॅटरी. चादरी वाळत घालायला गेलं की ठेच ठरलेली. भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हावं, तर समोरच्या लॉन्ड्रीवालीची गत बघितलेली. तिनं आपला कॉम्प्युटर तसाच दिला, आणि थोड्याच दिवसांत तिच्या गिऱ्हाइकांना कोणाकोणाचे फोन यायला लागले. आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यांत तरी दुसरं काय आहे? नाव, पत्ता, फोन, आणि कोण कधी गावाला जाणार म्हणून कपडे पोचवायचे नाहीत ते. म्हणजे कुणाच्या दाराला कधी कुलूप, ते चोराला घरपोच. लोक आमच्याकडे अंगावरचे कपडे देतात, वन्सं. तो विश्वास गेला तर मशिनी विकून माश्या मारत बसायचं. वर तो भंगारवाला तांब्यासाठी वायरी जाळतो आणि काजळी येऊन बसते माझ्या पांढऱ्या चादरींवर.

म्हणून हे सामान नीट मोडणारे लोक शोधले. फोनवरची बाई विचारते, आतली माहिती पुसून घेतलीत का. मी म्हटलं, बाई, डाग काढण्यात माझा जन्म गेला, पुसलेलं परत कसं वर येतं ते मला शिकवू नका, मला चुरा पाहिजे. मग आपल्या दुकानाच्या रीतीनं न्यायच्या प्रत्येक डब्याला लाल नंबराची चिंधी बांधली. जिला चिंधी ती वस्तू जाणार, बाकीची राहणार. गाडी आली, आणि मीही ड्रायव्हरशेजारी चढून बसले. (ह्यांनी अडवलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

काय ती जागा, वन्सं! प्लास्टिक एकीकडे, तांबं एकीकडे, बॅटरी लांब वेगळी. आपण पांढरे, रंगीत, लोकरीचे वेगळे काढतो तस्सं. डब्यातून हार्ड डिस्क काढायची, पट्ट्यावर ठेवायची, की ते यंत्र कराकरा चावून खाली चमचमता चुरा टाकतं. मी टाळ्या वाजवल्या. तिथला माणूस म्हणाला, मावशी, जरा मागे सरका. मी कशाला सरकतेय! एकेक चिंधीचा नंबर स्वतः तपासला, सगळे बरोबर. गिऱ्हाइकांचे पत्ते संपले. आज मी पाय पसरून झोपणार.

भावजींना नमस्कार, पोरांना पाठीत एकेक प्रेमाचा धपाटा.

तुमची भावजय

ता. क. झोपले नाही. घरी आले तर इस्त्रीच्या टेबलाखाली, कुणी न नेलेल्या ब्लँकेटात गुंडाळलेला आमचा पहिला कॉम्प्युटर, दुकान उघडलं तेव्हाचा. मी ड्रायव्हरशी बोलत असताना ह्यांनी त्याची चिंधी काढून शेजारच्या डब्याला बांधली. मी चिंध्याच तपासत बसले. आमच्या धंद्यात वस्तूकडे बघतो कोण? आता शेजारचा डबा म्हणजे, तुम्ही घर बदलताना आमच्याकडे ठेवला होता, तो. त्यात काय होतं ते सावकाश कळवा. तो चिरडला तेव्हा टाळ्या मात्र जोरात वाजल्या होत्या. भांडायचं ते तुमच्या भावाशी भांडा.

आणखी एक. सगळ्यात जास्त पत्ते ह्या पहिल्यातच आहेत. मी हात लावला की हे त्याला कवटाळून बसतात. म्हणाले, "पहिलं बिल ह्याच्यावर काढलं तेव्हा तू शेजारी उभी होतीस." असल्या माणसाशी कसं भांडायचं सांगा. मग मी म्हटलं, वन्संकडे सांभाळायला ठेवून या. पटलं. रविवारच्या बसनं मांडीवर घेऊन येतायत. तुमच्या गावातही त्या चुरा करणाऱ्या लोकांची जागा आहे, मी विचारलंय. आधी जेवू घाला, मग ह्यांना आणि डब्याला, दोघांना तिथे घेऊन जा. ते भितात फक्त तुम्हाला. चुरा डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिथून हलू नका.

आणि मोडायच्या आधी स्क्रू काढून त्याचं समोरचं झाकण तेवढं ह्यांच्या पिशवीत घाला. झाकणात पत्ते राहत नाहीत. मी सांगितलं म्हणून सांगू नका.