चिमीला दिलेली सुट्टी

बदलापूर (पूर्व),
२ डिसेंबर २०२४

चि. नीलिमा,

तुला आणि घरच्यांना विष्णुसरांचे आशीर्वाद. माझी तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही.

परवापासून कानात एकच आवाज आहे. कॅम्प तीनच्या वस्तीतली आपली जुनी पत्र्याची शाळा, शेजारी जीन्स शिवणाऱ्या मशिनांची घरघर, आणि तिच्यावर आवाज चढवून तुमचा अख्खा वर्ग इंग्रजी कविता म्हणतोय. अर्थ निम्म्यांना कळत नसे, पण ताल चुकायचा नाही. तू पहिल्या बाकावर, डोळे मिटून. त्या आवाजालाच मी आयुष्यभर शिकवणं समजत आलो.

आता तू शिकवतेस त्या पाचवीच्या वर्गात मात्र बाजार भरतो. दोघं दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या चित्रात अर्धं गाव, दुसऱ्याच्या चित्रात उरलेलं. एकमेकांना इंग्रजीत विचारत पूर्ण गाव उभं करायचं. मी कविता वाचून दाखवायला येतो तेव्हा मागे बसून हे बघतो. डोंगराकडच्या पाड्यावरची चिमी प्रेमला विचारते, "व्हेअर इज युवर शेळी?" आणि तू तिला थांबवत नाहीस. मला म्हणालीस, शब्द सापडेल सर, आधी विचारायची भीती जाऊ दे. मी मान हलवली. आतून मात्र ते टोचत राहिलं.

तुझा नमुना पाठ झाला त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. प्रशिक्षणाच्या हर्षदा मॅडमना पाठ आवडला तर तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवायला तुझी निवड होणार होती. पाठ रंगलाही. फक्त चिमी आली नव्हती, म्हणून तिचा जोडीदार प्रेम एकटा पडला. पाठीमागे कुणी नाही, हातात अर्धं गाव. तू स्वतः त्याच्यामागे जाऊन बसलीस, तरी मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलंच, "कच्ची मुलं आज घरी ठेवलीत का?"

तू म्हणालीस, "नाही मॅडम. चिमी एक दिवस चुकवत नाही."

त्यांनी नुसतं हं केलं आणि वही मिटली. मी मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर काहीही नव्हतं.

परतताना शेअर रिक्षात तू म्हणालीस, भात झोडायला थांबवलं असेल तिला. मी म्हणालो, असेल. नंतरही ती येईना म्हणून तू पाड्यावर निघालीस, तर मीच अडवलं, तू दमलीस, मी निरोप धाडतो. धाडला नाही.

नीलिमा, तिला मी घरी ठेवलं. आदल्या दिवशी शाळा सुटताना नळापाशी गाठून म्हटलं, उद्या नको येऊस. तिनं विचारलं, सुट्टी हाय? मी म्हणालो, तुला आहे. ती उड्या मारत गेली.

आमच्या वेळी असंच चालायचं. साहेब येणार म्हटलं की अडखळणारी पोरं पाणी भरायला नाहीतर मैदान झाडायला. पण ही ढाल पुढे करून सुटका नाही. तुझं भलं व्हावं म्हणून केलं, हेही पुरतं खरं नाही. ती शेळी मॅडमच्या कानावर पडली तर त्यांना वाटेल, विष्णुसरांची विद्यार्थिनी असं शिकवते. मी माझी अब्रू सांभाळायला गेलो आणि तुझी घालवून बसलो.

उद्या अंबरनाथला जाऊन मॅडमना सगळं सांगणार आहे. तुझी निवड होईल की नाही, देव जाणे. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. फोनवर तुझा आवाज ऐकून पुन्हा काहीतरी भलतंच बोललो असतो.

तुझे सर, अशी सही करायला हात धजत नाही. नुसता,

विष्णुपंत

ता. क. बेल वाजली. वाटलं, तूच. पण दारात चिमीची आजी आहे, राजाबाई. घर विचारत विचारत पाड्यावरून चालत आली. आत ये म्हटलं तरी चपला काढून बाहेरच उभी. मागे चिमी, दप्तरासकट. पाणी आणतो सांगून मी इथे आत येऊन हे खरडतोय, इतका भेकड. म्हातारी ओशाळून विचारते आहे, "पोरगी म्हंते, सुट्टी सरांनी दिलेय, सर सांगतील तवाच जाईन. कधी सरल तिची सुट्टी?"