कॅमेऱ्याची मागची काच

५ ऑगस्ट, मंगळवार

आदिलाबादजवळ मावल्याला व्यायामाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. यांचा उजवा हात आज छातीपर्यंत उचलला, पुढे नाही. बोलण्याचं मात्र तेच. शिमग्याच्या सुमारास लकवा झाला तेव्हापासून यांच्या तोंडात एकच शब्द उरलाय, काऊन. भूक लागली की काऊन. लघवीला जायचं तरी काऊन. पंखा बंद करायचा तरी काऊन. सुरावरून मी ओळखते.

डॉ. नवे आहेत, हैदराबादकडचे. थोडा वेळ ऐकलं आणि मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाले, "माताजी, ये बार-बार 'कौन' पूछ रहे हैं. आपको पहचानते तो हैं ना?"

"कौन नहीं जी, काऊन. हमारे में 'क्यों' को काऊन बोलते."

"अच्छा," म्हणाले. पण कागदावर काहीतरी लिहिलंच.

मग विचारलं, तुमचं नाव घेतात का? आता त्यांना काय सांगायचं. एकतीस वर्षांत कधी घेतलं नाही. धडधाकट होते तेव्हा "अवं" म्हणायचे, नाहीतर "जयाची माय". मीही यांचं नाव उखाण्यापुरतंच घेतलं.

येताना ऑटोत दोनदा "काऊन" म्हणाले. दोन्ही वेळा कान देऊन ऐकलं. काही कळलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

दुकानात लक्ष नाही. एकानं कपाशीवरच्या तुडतुड्यांचं औषध मागितलं, मी तणनाशकाची बाटली पुढे केली. त्यानं वाचून परत दिली म्हणून बरं, नाहीतर बिचाऱ्याचा कापूस जळाला असता. हे दुकानात बसायचे तेव्हा असं कधी झालं नाही.

जयाला फोन केला, यवतमाळला. पोरगी हसली. "आई, तू बी काय लावलं? तुले नाई ओळखत त कोनाले ओळखतीन बाबा?"

बोलायला सोपं आहे. तिला पाहूनही काऊनच म्हणाले होते.

डॉ. म्हणालेत, ओळखीचे फोटो दाखवा, बोट ठेवायला सांगा. अल्बम दाखवला, बाजूला सारला. मोबाईल धरला, तोंड फिरवलं. यांना फक्त तो कॅमेरा हवा. दुकान काढलं त्यानंतर दोन-चार वर्षांनी घेतलेला, खिशात मावणारा. कोणाच्या कपाशीच्या पऱ्हाटीवर काही पडलं की शेतात जाऊन पानाचा फोटो काढायचे. दुकानात आले की मागच्या काचेवर मोठा करून दाखवायचे, "हे पाय बाप्पा, पानाखाली." लकवा झाला तेव्हा हातातच होता. दोघं सोबत पडले. यांची उजवी बाजू गेली, त्याची मागची काच.

आता काचेवर शाई सांडल्यासारखा काळा डाग आहे. काही दिसत नाही. पण बटण दाबलं की फ्लॅश पडतो, म्हणून दिवसभर डाव्या हातात घेऊन टिकटिक चालू असते. चार्जिंगपुरता माझ्याकडे देतात. फोटोचं कार्ड काढू म्हटलं तर झाकणावर पंजा ठेवतात. मी म्हणते, खेळू दे.

काच बदलून घ्यायची. स्वतःचे फोटो तरी पाहतील. त्यात मी असेनच कुठेतरी.

११ ऑगस्ट, सोमवार

आदिलाबाद. यांना सोबत नेलं, कॅमेरा सोडतच नाहीत. तीन दुकानांत नाही म्हणाले. एक तर म्हणाला, आता कॅमेरा कोण वापरतं. चौथा मल्लेश, मोबाईल दुरुस्तीवाला, पन्नाशीचा, एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलेला. त्यानं यांच्या हातातच कॅमेरा उलटा करून खालचा नंबर लिहून घेतला. जबरदस्ती केली नाही. "मंगाना पडता, अम्मा," म्हणाला.

हे त्याच्याकडे पाहून म्हणाले, "काऊन?"

"मैं? मैं मल्लेश."

"काऊन?"

"मल्लेश, मल्लेश. निर्मल गाँव का." त्याला वाटलं ऐकू येत नाही, म्हणून जोरात. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यानं बापाचंही नाव सांगितलं.

मला हसू आलं. मग ध्यानात आलं. यालाही 'कौन' ऐकू आलं. डॉक्टरांनाही. परक्या माणसाला ऐकू येतं तेच खरं असेल तर? मी इतके महिने माझ्या सोयीचं ऐकत आले असेन तर?

भीती वाटते. लिहून ठेवते, कोणाला सांगायची सोय नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

काच आली म्हणून गेलो. नाव तेच, नंबर तोच, शेवटचं एक अक्षर वेगळं. काचेमागची वायरची पट्टी बोटभर आखूड निघाली, जोडाच्या जागेपर्यंत पोचेना. मल्लेशनं दोनदा लावून पाहिली, मग खोक्यात परत भरली. "मेरी गलती, अम्मा. दूसरी मंगाता." चूक कबूल करणारा दुकानदार बऱ्याच दिवसांनी पाहिला.

हे पूर्ण वेळ स्टुलावर. उघड्या कॅमेऱ्याकडे असे पाहत होते जसं

दुकानात माणूस आला, लिहायचं राहून गेलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

दारी बैल आले. ओवाळलं, नैवेद्य दिला. यांनी दारातून फ्लॅश मारला, बैल बुजला. बैलवाला रागावला नाही, उलट "राहू द्या, काका" म्हणाला. सगळे सांभाळून घेतात. ते सांभाळून घेणंच मला सोसत नाही.

आज एक वाईट काम केलं. यांची परीक्षा घेतली. शेजारच्या वच्छलाला माझ्या जागी ताट घेऊन पाठवलं, मी दाराआड उभी. वच्छलानं ताट ठेवलं. हे तिच्याकडे पाहून म्हणाले, "काऊन?" आणि जेवले. पुरणपोळी सगळी संपवली.

सूर तोच होता. माझ्यासाठी असतो तोच.

वच्छला बाहेर येऊन म्हणाली, "बाई, असं नको करत जाऊ तू." मी खरकटं उचललं.

१ सप्टेंबर, सोमवार

काच बसली.

मल्लेशनं आधी बॅटरी काढली आणि कॅमेरा तसाच ठेवून चहा मागवला. "फ्लॅश का करंट अंदर रहता अम्मा, हाथ को मारता." मग एकेक स्क्रू. बाजरीच्या दाण्याएवढे, पण सारखे नाहीत, म्हणून ज्या जागचा निघाला त्या क्रमानं चिकटपट्टीवर लावून ठेवत गेला. मागचं झाकण निघालं. फुटकी काच उचलली, पट्टीचं काळं कुलूप नखानं वर केलं, जुनी सुटली, नवी सरकवली, कुलूप खाली. मी श्वास धरून होते. हेही.

चालू केला. उजेड आला. फोटो आला, पण उलटा. आमच्या घरचा पंखा खालून उगवल्यासारखा.

मल्लेश चरकला. "उल्टा बैठा क्या?" पुन्हा उघडायला निघाला. मी म्हटलं, थांबा, कोपऱ्यातली अक्षरं तर सुलट आहेत. त्यानं मागचे फोटो काढले. सगळे उलटे, उलटे, उलटे, आणि एकदम एक सुलट, कपाशीचं पान, खाली कसलेसे ठिपके. त्याच्या मागचे सगळे सुलट.

मग डोक्यात उजेड पडला. बटण उजवीकडे असतं. उजवा हात चालत नाही. कॅमेरा उलटा धरला की बटण डाव्या अंगठ्याखाली येतं. हे रोज माझ्यासमोर तसाच धरतात, आणि मी म्हणत होते, खेळू दे.

सुलट ते आधीचे, उलटे ते नंतरचे.

मल्लेश म्हणाला, "साब का दिमाग चालू है, अम्मा." मला त्याच्या दुकानातच रडू आलं. हे माझ्याकडे पाहत होते. "काऊन?" म्हणाले.

२ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी यांचा डोळा लागल्यावर कॅमेरा घेतला आणि यांच्यासारखाच उलटा धरून फोटो पाहिले. तसा धरला की अक्षरं उलटी होतात आणि घर सुलट दिसतं.

पंखा. दार. बैलाचं अर्धं शिंग. जयाच्या चपला. बाकी सगळी मी. पाठमोरी मी, बियाण्याच्या थैल्या लावताना. माझे हात. अंबाडा. गळ्यापासून खाली. दाराबाहेर जाताना. चेहरा कुठेच धड नाही, काच नसताना अंदाजानंच काढलेले सगळे.

खूप वेळ पाहत बसले. गिऱ्हाईक हाका मारून गेलं असणार.

जयाला सांगितलं. "पाय, मी म्हनत नव्हतो?" मी हो म्हटलं. आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू.

फोन ठेवला आणि आठवलं. हे शेतात जाऊन कशाचे फोटो काढायचे? ओळखीच्या पानाचे कधीच नाही. बोंडअळी असली तर उभ्या उभ्या सांगायचे. जे ओळखू येत नाही त्याचाच फोटो. घरी आणायचे, मोठा करायचे, पाहत बसायचे, काय आहे हे.

स्वयंपाक केला नाही आज. सकाळचंच होतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस मीच कॅमेरा लपवून ठेवला होता. चार्जिंगला आहे म्हणून यांना सांगत होते. आज दिला.

उजळलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. मग उलटा धरला, माझ्याकडे रोखला. मी भाजी निवडत होते. पदर नीट केला, वर पाहिलं. फ्लॅश पडला.

काचेवर मी आले, यावेळी पूर्ण. यांनी फोटो मोठा केला, पान करायचे तसा. अजून मोठा. कुंकू, मग नुसता एक डोळा. बराच वेळ पाहत होते. मग माझ्याकडे पाहिलं.

"काऊन?"

भुकेचा सूर नव्हता. लघवीचाही नाही. नवाच होता.

मी म्हटलं, "मी कुसुम." एकतीस वर्षांत या घरात हे नाव मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं, मीही नाही. लाज वाटली.

हे तसेच पाहत राहिले. मला वाटलं, प्रश्न 'कौन' नसलाच तर, 'काऊन'च असला तर? म्हणून पुढचंही सांगितलं. "अन् तुमचं सारं करून काऊन राह्यली म्हनसान, त मले तुमच्याबिगर करमत नाई. म्हून करतो."

दोन्ही उत्तरं देऊन टाकली. हवं ते यांनी घ्यावं.

यांनी मान हलवली. कोणत्या उत्तराला, ते काही कळलं नाही.