डांबरगोळ्यांचं कपाट

४ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

‘दिवसभर लोकांच्या चष्म्याची भिंगं घासतोस, आता स्वतःच्या डोक्याचाही नंबर काढ,’ असं लिहिलंस. पुष्कळ दिवसांनी हसलो गं.

पण आता खरं सांगतो. अठरा तारखेच्या सोमवारपासून मी तीन आठवडे दवाखान्यात राहणार आहे. सकाळी अंथरुणातून उठवतच नाही. आणि भीती तरी किती! परवा शेजारच्या दुकानात कुणी डांबरगोळ्यांची पुडी फोडली, तर माझ्या हातातलं भिंग सुटून फुटलं. मालकांनी विचारलं, भूत पाहिलंस का?

डॉक्टरीणबाई म्हणतात, लहानपणी फार धाक सोसला की मज्जासंस्थेला पहाऱ्याचीच सवय लागते. संकट टळतं, पहारा काही उठत नाही. शरीर थकतं आणि पुढे अशी उदासी धरू शकते. मला तर शाळेत जायच्या आधीचं काहीच आठवत नाही. बाबा तुला मारायचे, एवढंच ठाऊक आहे. माझं काय झालं होतं, ते लिहून पाठव. उपचाराला हवंय.

चिमणीला तुझ्याकडे ठेवू का? तिच्या आईची कारखान्यात बारा तासांची शिफ्ट. पोर पाच वर्षांची, दुसऱ्या कुणावर सोडवत नाही.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझा मुंगळा

८ ऑगस्ट

चि. मुंगळ्यास, अनेक आशीर्वाद.

अरे, विचारतोस काय? पाठव आमच्या भाचीला! दोन फ्रॉक बेतलेसुद्धा. शिवणाच्या वर्गातल्या बायका आत्ताच तिच्या मापाची चौकशी करताहेत.

लहानपणाचं म्हणशील, तर जुनी मढी कशाला उकरायची? आई गेल्यावर बाबांचा हात सुटायचा, पण मार कुणाच्या घरी नव्हता? तू तर मुंगळ्यासारखा मला चिकटलेला असायचास. पोटभर जेव, चार पावलं चाल, होशील ठणठणीत.

माया आहे, काळजी नसावी.

ताई

१२ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चिमणी रविवारच्या बसने निघते. पिशवी कधीच भरून ठेवलीय. बाबांच्या घरातलं मोठं कपाट तुझ्याकडेच आहे ना? आत्याकडे लपाछपी खेळताना त्यातच लपणार म्हणते. जरा सांभाळून घे, द्वाड आहे.

मुंगळा

१५ ऑगस्ट

चि. मुंगळ्या,

चिमणीला पाठवू नकोस. पोस्टावर विसंबत नाही, वर्गातल्या बाईंच्या हाती हे पत्र देते आहे.

बाबा तुला मारत नव्हते. तुला मी मारायची. तेरा वर्षांची होते. तू रडलास की ते उठायचे आणि पट्टा माझ्या पाठीवर. म्हणून तुझ्या तोंडात फडकं कोंबून तुला त्या कपाटात कोंडायची, डांबरगोळ्यांत. पुढे बाबा घरी नसतानाही मी तुला कोंडायला लागले. माझा राग निघायचा रे त्यात. एकदा दार उघडलं तर तू रडतही नव्हतास, नुसता बघत होतास. मला हायसं वाटलं, पोरगं शहाणं झालं म्हणून.

गेल्या महिन्यात वर्गात एकीच्या लेकीने कात्री पाडली आणि माझा हात उगारला गेला. चिमणी घरात, आणि मी एकटी! मला माझीच धास्ती वाटते.

हे डॉक्टरीणबाईंना दाखव. लोभ मागायला मला तोंड नाही.

ताई

२४ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

पहिल्या चार ओळींपुढे मला वाचवेना, डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं. दोन दिवस तुझा भयंकर राग आला. मग वाटलं, तेरा वर्षांची पोर ती, काय करणार होती? तरी राग गेला नाही.

चिमणी शेजारच्या काकूंकडे मजेत आहे. तिला एकटीला तुझ्याकडे कधीच पाठवणार नाही, हे स्पष्ट लिहितो. तू वेळेवर कळवलंस म्हणून ती इथे आहे, हेही लिहितो.

बाईंनी विचारलं, ताईंनी पाठीवरचे वळ कुणाला दाखवले होते? आजवर मीही कधी विचारलं नव्हतं.

बुधवारी चारला दवाखान्यात ये. मला तुझी भीती वाटेल, कदाचित मी बोलणारही नाही. तरी ये. बाईंनी तुझ्या नावाचा केसपेपर काढून ठेवलाय.

लोभ आहे. सध्या इतकंच लिहवतं.

मुंगळा