हंड्याचा काठ

ता. मुखेड, जि. नांदेड
१४ मे २०१६

चिरंजीव भीमास, आजी धुरपताबाईचा जयभीम आणि गालावर एक चापट. चापट पोचली नसेल तर तिथल्या शिपायाला सांग, तो माझ्या वतीनं देईल. हे पत्र तुझ्याआधी जेलरसाहेब वाचतात म्हणे. साहेब, तुम्हालाही जयभीम. चापट तुम्हाला नाही.

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या बायकोचंच आहे. पंचशीला बाजेवर बसून लिहून राहिली आणि मी खाली बसून सांगून राहिले. ऑपरेशन झालं, डावा हात अजून वर जात नाही, पण उजव्यानं झरझर लिहिते. केमोनं डोक्यावरचे केस गेले. मी तिला म्हणाले, बरं झालं, आता टँकरवर तुझा अंबाडा कोणाला सापडायचा नाही. आधी हसली, मग लई रडली.

मी बरी आहे. माझा उजवा हात प्लास्टरात आहे. मोरीत घसरले.

गावात पाण्याचा थेंब नाही. उदगीर नवा जिल्हा होणार आणि आपलं गाव तिकडं जाणार, यावर मात्र रोज भांडणं. परवा तुझ्या बापानं, शेषेरावनं, यावरूनच हॉटेलातली खुर्ची एकाच्या डोक्यात घातली. प्यायला घोटभर नाही आणि जिल्हा कोणता म्हणून रक्त सांडून राहिले. तुझी तारीख मात्र नांदेडलाच आहे, पुढच्या महिन्यात. पोलिसांनी साक्षीदारात माझं नाव घातलंय. त्याचं शेवटी सांगते. आधी दवाखान्याचं ऐक.

नांदेडला वार्डात शिरले तर सिस्टरनं मलाच धरून खाटेवर आडवं केलं. दंडाला पट्टा आवळला, सुई काढली. मी बोंबलले, "अगं बाई, मला काय धाड भरली! पेशंट ती हाय, अठ्ठावीस वर्षांची!" सिस्टर सुई धरून पंचशीलाकडं बघतच राहिली. म्हणाली, "ही पण?"

'ही पण' म्हणजे काय, ते वार्डात बसून कळलं. शेजारी एक शाळेतली बाई, तिचं लेकरू अजून अंगावर पितं. पलीकडच्या वार्डात एक पोरगा, गुटख्यानं जबडा असा जाम झालेला की तोंडात चमचा जात नाही. आणखी एक पोलीस भरतीला पळणारा. ना सुपारी, ना दारू, आणि आतड्यात गाठ. सगळी तुझ्या वयाची. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, मी शिकत होते तेव्हा तुमच्या वयाच्या बाया यायच्या. आता तिशीच्या आतल्याही यायला लागल्या." माझ्या तोंडात एक दात नाही, मिश्री लावता लावता जन्म गेला, आणि तिथं धडधाकट मी एकटी. लाज वाटली रे.

मग मी तिला विचारलं, हे हंडा लागून झालं का?

फेब्रुवारीत टँकरवर तू नव्हतास. मी होते. पाइप खाली पडला आणि बाया त्याच्यावर तुटून पडल्या. समोरच्या कस्तुराबाईनं पंचशीलाचा अंबाडा धरून तिला चिखलात ओढलं. पंचशीलानं तिच्या मनगटाचा लचका तोडला. हाव, तुझ्या गरीब बायकोनं! आत्ता ही ते खोडायला निघाली होती, मी खोडू दिलं नाही. मग कस्तुराबाईनं रिकामा हंडा गरागरा फिरवला आणि काठ हिच्या छातीत बसला. निळं झालं. निळं गेलं, पण तिथं हात लावला तर गाठ. सगळी गल्ली म्हणाली, मुका मार लागला, त्याची गाठ झाली. एवढ्या तरण्या पोरीला कॅन्सर होतो हे कोणाच्या डोक्यात येणार? हंडा डोळ्यासमोर होता, सगळ्यांनी हंड्याला धरलं.

आणि तू रिपोर्ट ऐकून आलास तो थेट कुऱ्हाड घेऊन तिच्या दारात. "माझ्या बायकोला कॅन्सर लावलास, रांडे!" कस्तुराबाई भाकरी थापत होती, पिठाचे हात घेऊन तशीच उठली. तिचा पोरगा श्रीमंत आडवा आला. कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागचा बोथट भाग, पहिला त्याच्या दंडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आपल्या ओट्यावर आला. दुसरा तोंडावर. तो खाली पडला, तोंड धरून गुरासारखा ओरडत होता, तरी तू तिसरा घातलास. पहिल्या दोन्हींना राग म्हणता येईल. तिसऱ्याला काय म्हणू ते मला सापडत नाही.

श्रीमंतचा उजवा डोळा गेला. तुला हे कोणी सांगितलं नसेल. काळी-पिवळी चालवायचा ना जळकोट रस्त्याला? जीप दारात उभी आहे, टायर चिरफाळून गेलेत. लहान पोरं आत बसून भर्र भर्र करतात आणि तो खाटेवरून ऐकतो.

डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते आता नीट वाच, दोनदा वाच. "आजी, मारानं कॅन्सर होत नसतो. गाठ आधीचीच होती. मार लागला म्हणून हात तिथं गेला, म्हणून लवकर सापडली." मी म्हणाले, मग एवढ्या लहान वयात होतं कशानं? म्हणाली, "पुरतं आम्हालाही ठाऊक नाही." एवढी शिकलेली बाई ठाऊक नाही म्हणते. आपल्या गल्लीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

हिच्या छातीची डावी बाजू काढून टाकलीय भीमा. वर नुसतं ऑपरेशन लिहिलं. बाई म्हणते, जगेल.

मी परत आल्यावर कस्तुराबाईला हे सांगायला गेले. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मग माझ्या पोराचा डोळा कशापायी गेला, धुरपतामाय?" मी उठून आले.

आता तारखेचं. गल्ली सगळी साक्षीतून मागं फिरली. कोणी शेतात होतं, कोणी झोपलं होतं, एक तर म्हणे सोयरिकीला गेला होता. राहिले मी. शेषेराव म्हणाला, "आई, मोतीबिंदू हाय, काय बी दिसलं न्हाई, एवढंच सांगायचं." मी म्हणाले, "सुईत दोरा मी ओवते आणि मोतीबिंदू माझाच?" त्यानं माझा हात धरला आणि पिरगाळला. मी त्याला नाव घेऊन हाक मारली, लहानपणी मारायचे तशी, तरी सोडला नाही. वर मोरीत घसरले असं लिहिलंय. मोरीत घसरायला पाणी लागतं रे.

इथं पंचशीलानं पेन ठेवलं. "आजी, हे लिहिलं तर ते घरी कधी यायचे? मला कोण हाय?"

मी म्हणाले, "मी हाय की. आणि तू जगून दाखव. तो येईल तेव्हा त्याच्याशी भांडायला घरात कोणीतरी पाहिजे."

मग तिनंच पेन उचललं. मी म्हटलं नव्हतं.

तर लिही म्हणाले मी तिला, असं लिही: कोर्टात मला विचारतील, तुम्हाला दिसलं का? मी सांगणार, दिसलं. तिन्ही दिसले. हंड्याचंही सांगणार, डॉक्टरीणबाईचंही सांगणार, आणि माझा नातू असा नव्हता हेही सांगणार, ते कोणी लिहून घेतलं तर. तू वकिलाचं ऐकून माझ्याकडं पाठ फिरवू नकोस. मला विचारायच्या आधी तूच कोर्टात 'हो, मी मारलं' म्हणालास, तर म्हातारीची एक चक्कर वाचेल.

जेवत जा. तिथं पाणी भरपूर असेल तर माझ्या वाटणीची एकदा अंघोळ करून घे.

उजवा हात बांधलेला आहे, म्हणून खाली डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. तो तुझ्या ओळखीचा नाही. तारखेला समोर येईन तेव्हा तोंड ओळख.

तुझी आजी आणि सरकारी साक्षीदार,
धुरपताबाई