अर्थ इल्ला

॥ श्री ॥

बनशंकरी, बेंगळुरू
२ मार्च २०२५

ती. वासंतीआत्यास,
सुशांतचा सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. फोनवर मला बोलवत नाही, तर निदान पत्र लिही, असं तू बजावलं होतंस, म्हणून लिहितो आहे.

संयोगिता गेली आणि तू भव्याला बेळगावला घेऊन गेलीस. पाडव्याला पोर परत हवी असेल तर आधी घरात गरम जेवण आणि गरम पाणी हवं, असं तुझं म्हणणं. स्वयंपाकाला बाई मिळाली. गीझर काल बसवला. जुना संयोगिता असतानाच बिघडला होता. मी आजवर थंड पाण्यानेच आंघोळ करत होतो, काही वाटत नव्हतं.

बाथरूममध्ये मोठ्या पिनचं सॉकेटच नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वायर, स्विच, सॉकेट काढून ठेवलं आणि विचारलं, अर्थ इदेया म्हणून. इथले रिक्षावाले रस्ता समजावून झाला की अर्थ आयता असं विचारतात, म्हणजे कळलं का. एवढं कन्नड मला येतं. मी सरी सरी म्हणून मान डोलावली. जोडणी माझी मीच केली. संगणकाचा का होईना, इंजिनिअर आहे. सॉकेटच्या तिसऱ्या भोकासाठी भिंतीतून वायरच आलेली नव्हती, ते तसंच ठेवलं.

पाणी छान तापतं. फक्त नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. दुसऱ्या एका दुकानात विचारलं, तर तो म्हणाला की नव्या गीझरला स्वल्प असतंच, रबरी चप्पल घालून आंघोळ करा. भव्याच्या मापाची एक आणली आहे, गुलाबी. खरं सांगू का, त्या झिणझिण्यांचा मला त्रास होत नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी जाणवलं. मी परत एकदा हात लावून पाहिला.

भव्याला गोड पापा. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
सुशांत

॥ श्री ॥

शहापूर, बेळगाव
६ मार्च २०२५

चि. सुशांत यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठून फोन लावला. तू उचलत नाहीस हे जगजाहीर आहे. मग तुझ्या घरमालकिणीला, खालच्या भाग्यलक्ष्मीअक्कांना लावला. फोन कानाला धरूनच त्यांनी वरच्या मजल्याचा मेन स्विच पाडला. वीज गेली म्हणून तू खाली येशील, असं आम्हा दोघींना वाटलं. तू आला नाहीस. दिवेलागणीला त्या वर आल्या तर तू अंधारात खुर्चीवर बसलेला. गीझरचा फ्यूज काढून त्यांनीच दिवे लावले. तो फ्यूज त्यांच्याकडे आहे आणि मी सांगेपर्यंत तुला मिळायचा नाही.

अरे शहाण्या, कळलं का असं तो विचारतच नव्हता! अर्थिंग आहे का, असं विचारत होता. आमच्याकडेही सगळे नुसतं अर्थ म्हणतात. तू मान डोलावलीस, त्याने आहे असं धरून सामान दिलं. तुझे काका वीज खात्यात होते, जन्मभर जेवताना मी हेच ऐकलं. ते तिसरं भोक शोभेचं नसतं, त्याची वायर जमिनीत जावी लागते. नाहीतर गीझरमधला करंट नळात उतरतो. आणि त्या चप्पलवाल्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस.

परत हात लावून पाहिलास, ते वाक्य मी भव्याला वाचून दाखवताना गाळलं. मला भीती वाटली, सुशांत. आई गेल्याचं त्या पोरीला कसंबसं सांगितलं आहे, आणखी काही सांगायची ताकद माझ्यात नाही. अर्थिंग झाल्याशिवाय मी तिला पाठवणार नाही. रागावलास तरी चालेल.

पहिल्याच दुकानात परत जा. फार कन्नड फाडू नकोस. दोनच शब्द सांग: अर्थ इल्ला. म्हणजे, नाही.

वेळेवर जेवत जा. माझी माया आहे तशीच आहे, तू फक्त नीट राहा.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

बनशंकरी, बेंगळुरू
१९ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, असं या वेळी लिहीत नाही.

तुझं पत्र आल्यावरही दुकानात जायला बरेच दिवस गेले. गेलो तेव्हा गर्दी होती. अर्थ इल्ला, असं म्हणालो, ते दुकानदाराला ऐकू गेलं नाही. मोठ्याने पुन्हा म्हणालो, आणि या वेळी ते माझं मलाच मराठीत ऐकू आलं. घरात अर्थ नाही. संयोगिता गेल्यापासून हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, तुलासुद्धा क्षेम लिहीत होतो. आत्या, मी तिथे रडलो. स्मशानात रडलो नव्हतो, तो खिळे आणि बिजागऱ्या घेणाऱ्या लोकांसमोर हुंदके देऊन रडलो.

दुकानदाराला वाटलं, मला शॉक बसला. त्याने स्टूल दिलं, पाणी दिलं. रडताना मी मराठीत काहीतरी बोललो असणार, कारण तोही मराठीत बोलायला लागला. कल्लाप्पा त्याचं नाव, निपाणीकडचा. आधीच मराठीत का बोलला नाहीत, असं त्यानेच मला विचारलं. मग म्हणाला, अर्थ नसेल तर करूया की, त्यात काय.

त्याने चांगला वायरमन दिला आणि स्वतः येऊन उभा राहिला. अक्कांच्या कढीपत्त्याच्या झाडाजवळ खड्डा खणला, पाइप पुरला, त्याभोवती कोळसा आणि मीठ भरलं, तिथून वायर वर बाथरूमपर्यंत आणली. गीझरची कॉइल खराब निघाली, ती बदलली. टेस्टर लावून पाहिल्यावर कल्लाप्पाने मला नळाला हात लावायला सांगितलं. लावला. काहीच झालं नाही. परत लावून पाहिला नाही.

तो खड्डा ओला ठेवावा लागतो, कोरडा पडला की अर्थ जातो, असं कल्लाप्पाने बजावलं आहे. रोज तांब्याभर पाणी घालायचं. सध्या मी घालतो, पुढे ते काम भव्याचं. गुलाबी चप्पल अंगणात घालायला होईल.

अक्कांनी फ्यूज हातात ठेवला, पण तुझी परवानगी विचारूनच. आता पोरीला घेऊन ये आणि तूही चार दिवस राहा. आजवर लोभ केलास, तसाच पुढेही कर.

गाडी कुठली, ते फोन करून सांग. मी उचलेन.

तुझा,
सुशांत